नव्या सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर ओपन सोर्स सिस्टीम चालू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात असे, म्हणजे एकाच पाटीवर अख्खा संगणक मावलेले, बोर्ड घेणारे आता फक्त इंजिनीअरिंगचे विद्यार्थी राहिलेले नाहीत. उद्यमनगरातले वर्कशॉपवाले, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले मेन्टेनन्सचे लोक, शाळेत संगणक शिकवणारे शिक्षक, सगळे विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. रास्पबेरी पाय या प्रसिद्ध बोर्डावर ज्यांचं काम भागतं त्यांना यातलं थोडंच लागेल. बाजारात नुकताच आलेला, फार कुणी न वापरलेला बोर्ड ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे.

सिस्टीमचं एसडी कार्ड घातलं, लाल दिवा लागला, पण स्क्रीन काळीच. बोर्ड खराब निघाला का?

बहुतेक वेळा नाही. नव्या बोर्डावर स्क्रीन ही सगळ्यात शेवटी जागी होणारी गोष्ट असते. त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. चिपच्या आत कायमचा कोरलेला बूट रॉम आधी चालतो. तो कार्डावरून एक छोटा प्रोग्राम उचलतो, त्याला एसपीएल म्हणतात. तेव्हा रॅम अजून चालूच झालेली नसते, त्यामुळे हा प्रोग्राम चिपमधल्या थोड्याशा मेमरीत मावेल एवढाच असावा लागतो. रॅम सुरू झाली की सुरक्षेचं काम बघणारं ट्रस्टेड फर्मवेअर येतं, मग यू-बूट हा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम चढवणारा प्रोग्राम, आणि यू-बूट कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि डिव्हाइस ट्री (बोर्डाचं वर्णन, त्याबद्दल पुढे) रॅममध्ये ठेवून कर्नलच्या हाती कारभार देतो. एचडीएमआयचा ड्रायव्हर यानंतर कधीतरी. तो कर्नलमध्ये नसेल, तर आत सगळी सिस्टीम नीट चालू असूनही तुम्हाला काळा पडदाच दिसणार.

म्हणून स्क्रीन बघून निदान करू नका. सिरियल कन्सोल जोडा, म्हणजे बोर्ड सुरू होताना जे छापतो ते वायरीवरून लॅपटॉपवर वाचता येतं. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर पुढचं वाचा.

सिरियल कन्सोलसाठी काय लागतं?

यूएसबी ते टीटीएल असा एक छोटा ॲडाप्टर आणि तीन वायरी. ॲडाप्टर ३.३ व्होल्टचा असावा. ५ व्होल्टचा लावला तर बोर्डाची पिन जळू शकते. काही ॲडाप्टरवर दोन्हींसाठी जंपर असतो, तो लावण्याआधी बघा. ग्राउंडला ग्राउंड, बोर्डाच्या टीएक्सला (पाठवणारी पिन) ॲडाप्टरचा आरएक्स (घेणारी पिन), आरएक्सला टीएक्स. चौथी, म्हणजे व्होल्टेजची वायर मोकळी ठेवा. बोर्डाला त्याचा स्वतःचा सप्लाय आहे, तिकडून दुसरा द्यायचा नाही.

पिना कुठे आहेत ते बोर्डाच्या सर्किट डायग्रामवर बघा. ४० पिनांचा हेडर असलेल्या अनेक बोर्डांवर ६ नंबरला ग्राउंड, ८ ला टीएक्स आणि १० ला आरएक्स असतो, पण गृहीत धरू नका. रास्पबेरी पाय ५ वर यासाठी दोन एचडीएमआयच्या मधे वेगळा तीन पिनांचा कनेक्टर दिला आहे.

बोर्ड छापेल ते बघायला लॅपटॉपवर लिनक्स असेल तर पिकोकॉम किंवा मिनीकॉम, विंडोजवर पुट्टी हा प्रोग्राम वापरा. आणि जे येईल ते पहिल्या ओळीपासून फाइलमध्ये साठवा. कुणाला मदत मागायची झाली तर मोबाइलने काढलेला स्क्रीनचा अर्धवट फोटो उपयोगाचा नसतो. अडचणीचं मूळ दिसतं ते अगदी वरच्या, फोटोत न आलेल्या ओळींत.

सिरियलवर नुसता कचरा येतोय.

बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवण्याचा वेग, चुकला आहे. बहुतेक बोर्ड १,१५,२०० वर बोलतात. रॉकचिप या कंपनीच्या चिपचे बोर्ड मात्र सहसा १५,००,००० वर. इथे एक खाच आहे: सीपी२१०२ ही चिप असलेले जुने ॲडाप्टर एवढ्या वेगाला पोचतच नाहीत. सेटिंग बरोबर असलं तरी कचराच येतो आणि माणूस बोर्डाला दोष देत बसतो. रॉकचिपसाठी सीएच३४० किंवा एफटी२३२ असलेला ॲडाप्टर घ्या.

सिरियलवरही एक अक्षर येत नाही.

टीएक्स-आरएक्स उलटे करून बघा. मग सप्लाय. मोबाइलचा चार्जर आणि घरातली कुठलीतरी केबल यावर बोर्ड चालवणं हा इथला सगळ्यात मोठा रोग आहे. दिवा लागण्यापुरता करंट मिळतो, रॅम आणि प्रोसेसर जागे होताना व्होल्टेज पडतो. रास्पबेरी पाय ५ साठी ५ व्होल्टला ५ अँपिअरचा, २७ वॉटचा सप्लाय सांगितला आहे. तुमच्या बोर्डाला काय सांगितलंय ते वाचा, आणि केबल आखूड व जाड घ्या.

सप्लाय ठीक असेल, तर बूट रॉमला कार्डावर बूटलोडर सापडत नाही असं समजा. बोर्डावर ईएमएमसी किंवा एसपीआय फ्लॅश (बोर्डावरच बसवलेली साठवण) असेल तर त्यातला जुना बूटलोडर आधी उचलला जातोय का हेही तपासा.

यातही काही झालं नाही तरी बोर्ड मेला असं नाही. बूट रॉम पुसता येत नाही. कुठेच काही सापडलं नाही की रॉकचिपची चिप मास्करॉम मोडमध्ये जाते आणि ऑलविनर कंपनीची चिप एफईएल मोडमध्ये (दोन्ही यूएसबीवरून सुरू होण्याच्या अवस्था), आणि यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून तिच्यात थेट बूटलोडर ढकलता येतो. चुकीच्या सॉफ्टवेअरमुळे असा बोर्ड कायमचा जाणं खूप अवघड आहे. विद्यार्थ्यांना हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, कारण भीती गेल्याशिवाय हात चालत नाही.

सिस्टीमची इमेज (अख्ख्या कार्डाची नक्कल असलेली फाइल) उघडून त्यातल्या सगळ्या फाइल कार्डावर कॉपी केल्या. तरी का चालत नाही?

कारण बूटलोडर फाइलच्या रूपात नसतोच. तो कार्डावर ठरावीक अंतरावर, पार्टिशनच्या बाहेर लिहिलेला असतो. ऑलविनरचा बूट रॉम तो ८ किलोबाइटवर शोधतो. रॉकचिपचा बूट रॉम ६४ व्या सेक्टरवर, म्हणजे ३२ किलोबाइटवर बघतो, आणि यू-बूटचा मुख्य भाग सहसा १६,३८४ व्या सेक्टरवर, म्हणजे ८ मेगाबाइटवर असतो. फाइल कॉपी करताना या जागा रिकाम्याच राहतात. अख्खी इमेज डीडी किंवा बलेना एचरसारख्या साधनाने जशीच्या तशी उतरवावी लागते.

जीपीटी पद्धतीच्या पार्टिशनचा तक्ता ३३ व्या सेक्टरपर्यंत जागा घेतो. म्हणजे ८ किलोबाइटवरचा बूटलोडर थेट त्या तक्त्यावर जाऊन बसतो. ऑलविनरच्या बोर्डासाठी कार्ड स्वतः तयार करताना तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा ठेवला की हा गोंधळ होत नाही.

रास्पबेरी पायचं वेगळं आहे. तिथे फर्मवेअर फॅट पार्टिशनमधून किंवा बोर्डावरच्या ईईप्रॉममधून येतं, म्हणून तिथे कॉपी करून भागतं. ती सवय घेऊन लोक दुसऱ्या बोर्डाकडे येतात आणि अडकतात.

कार्डही तपासा. स्वस्तात मिळालेलं ६४ जीबीचं कार्ड आतून ८ जीबीचं निघू शकतं. एफ३ नावाचं साधन ते भरून आणि परत वाचून खरं माप सांगतं. इमेजचा शा-२५६ (फाइल बिघडलेली नाही हे पडताळायचा आकडा) जुळतो का बघायला अर्धा मिनिट लागतो, तोही बघा.

‘स्टार्टिंग कर्नल’ अशी ओळ येते आणि पुढे सगळं गप्प.

इथवर आलात म्हणजे रॅम, यू-बूट, कार्ड सगळं ठीक आहे, ही चांगली बातमी. गप्प बसण्याची मुख्य कारणं दोन. एक, कर्नल चालू आहे पण दुसऱ्याच पोर्टवर बोलतोय. एक्स्टलिनक्स नावाच्या बूट सेटिंगच्या फाइलमध्ये कर्नलला दिलेल्या ओळीत कन्सोलचा पोर्ट आणि वेग बरोबर लिहिलाय का बघा. दोन, डिव्हाइस ट्री चुकीचा आहे. त्याच ओळीत ‘अर्लीकॉन’ हा शब्द घाला. मग ड्रायव्हर सुरू होण्याच्या आधीपासून कर्नल छापायला लागतो आणि नेमका कुठे थांबला ते कळतं.

हा डिव्हाइस ट्री काय प्रकार आहे? पीसीवर तर असलं काही लागत नाही.

पीसीवर हार्डवेअर स्वतःची ओळख देतं. पीसीआय कार्ड विचारलं की सांगतं मी कोण, आणि मदरबोर्डाची बाकीची माहिती एसीपीआयच्या तक्त्यांतून मिळते. बोर्डावरच्या चिपमध्ये तशी सोय नसते. आयटूसी या चिप एकमेकींना जोडणाऱ्या तारेवर कुठल्या पत्त्याला कुठली चिप आहे, कुठला रेग्युलेटर कशाला वीज देतो, इथरनेटची रीसेट पिन कुठल्या जीपीआयओ पिनेला जोडली आहे, हे विचारून कळण्याचा मार्गच नाही. कुणीतरी ते लिहून द्यावं लागतं. ते लिहिलेलं म्हणजे डिव्हाइस ट्री. वायरमनने घराच्या बोर्डाच्या झाकणावर कुठलं बटण कुठल्या खोलीचं हे लिहून ठेवावं, तसा.

पूर्वी ही माहिती कर्नलच्या कोडमध्येच, प्रत्येक बोर्डासाठी वेगळी फाइल लिहून घातली जायची. एआरएम पद्धतीच्या प्रोसेसरचे बोर्ड वाढत गेले तसा तो कोड आवरेना. २०११ मध्ये लिनक्सचे निर्माते लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर एआरएमचा कारभार झपाट्याने डिव्हाइस ट्रीवर आला. कल्पना जुनीच आहे, ओपन फर्मवेअर असलेल्या पॉवरपीसी आणि स्पार्क मशीनवरून आलेली.

नव्या बोर्डावर सिस्टीम आणायची म्हणजे प्रत्यक्षात बऱ्याचदा एवढंच काम असतं. चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतात, तुमच्या बोर्डाचं वर्णन नसतं. त्याच चिपच्या दुसऱ्या बोर्डाची फाइल समोर ठेवायची, सर्किट डायग्राम बाजूला उघडायचा आणि एकेक ओळ पडताळत जायची. हे काम सावकाश, शाई-कागद घेऊन करण्यासारखं आहे, आणि शिकण्यासाठी याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

कंपनीची इमेज पुसण्याआधी एक गोष्ट नक्की करा. त्या इमेजवर बोर्ड चालू असताना चालू डिव्हाइस ट्री डीटीसी या साधनाने वाचता येईल अशा मजकुरात उतरवून घ्या. कंपनीने डायग्राम दिलाच नसेल तर हाच तुमचा आधार.

चिप तीच आहे, मग दुसऱ्या बोर्डाची इमेज सरळ लावली तर?

कन्सोलपर्यंत येईलही, पण तसंच चालवत ठेवू नका. रेग्युलेटरचे व्होल्टेज डिव्हाइस ट्रीमधून ठरतात. एका बोर्डावर जी लाइन ३.३ व्होल्टची असते ती दुसऱ्यावर १.८ ची असू शकते. वर म्हटलं की सॉफ्टवेअरने बोर्ड सहसा जात नाही. जाण्याचा जो थोडा धोका आहे तो इथेच.

कर्नल पॅनिक: रूट फाइल सिस्टीम सापडत नाही म्हणतो.

पॅनिकच्या वरच्या ओळी वाचा. त्यात कार्डाचं नावच दिसत नसेल तर कार्ड कंट्रोलरचा ड्रायव्हर किंवा त्याचा रेग्युलेटर सुरू झालेला नाही. नाव दिसतंय पण पॅनिक येतो, तर कर्नलच्या ओळीत ‘रूटवेट’ घाला, कारण कार्ड ओळखायला कर्नलपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. आणि कार्डाच्या नंबरावर विसंबू नका. कार्ड आणि ईएमएमसी दोन्ही असतील तर कोण शून्य आणि कोण एक हे कर्नल बदलला की बदलू शकतं. पार्टिशनचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा.

कंपनीची इमेज छान चालते. मग मुख्य कर्नलच्या (लिनक्सच्या सगळ्यांसाठीच्या मूळ सोर्सच्या) मागे कशाला लागायचं?

कारण ती इमेज आज छान चालते. कंपनी चिपवाल्याकडून एक जुना कर्नल घेते, त्यावर हजारो बदल चढवते आणि बोर्ड विकते. पुढच्या वर्षी तिचं लक्ष पुढच्या बोर्डाकडे असतं. सुरक्षेची दुरुस्ती येत नाही, नवं पॅकेज जुन्या कर्नलवर बसत नाही, आणि कारखान्यात भिंतीवर लावलेला बोर्ड नेटवर्कमधलं उघडं दार होऊन बसतो.

तो जुना कर्नलही जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली येतो. त्याच्यासह बोर्ड विकणाऱ्याने बदललेला सोर्स मागणाऱ्याला द्यायला हवा. मागा. सभ्यपणे, लेखी मागा. ग्राहकाने विचारल्याशिवाय कंपन्यांना त्याचं महत्त्व वाटत नाही.

मुख्य कर्नलमध्ये एकदा कोड गेला की दर नऊ-दहा आठवड्यांनी येणाऱ्या प्रत्येक आवृत्तीसोबत तो पुढे चालत राहतो, कंपनी असो नसो. पण तिथे पोचायला वेळ लागतो हेही खरं. रॉकचिपच्या आरके३५८८ चिपचे बोर्ड २०२२ मध्ये लोकांच्या हातात आले. तिच्या ग्राफिक्ससाठी पॅन्थॉर ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.१० या कर्नलमध्ये आला, आणि एचडीएमआयचं प्राथमिक आउटपुट जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ मध्ये. ही चिप लोकप्रिय, तिच्यामागे जाणकार माणसं लागलेली, तरी एवढी वर्षं. कमी खपाच्या चिपचं काय होत असेल याचा अंदाज करा.

मग कुठला बोर्ड घ्यावा?

नवाच हवा असा हट्ट नसेल तर दोन-तीन वर्षं जुन्या चिपचा. घेण्याआधी मुख्य कर्नलच्या सोर्समध्ये त्या बोर्डाची डिव्हाइस ट्री फाइल आहे का, यू-बूटमध्ये त्याचं कॉन्फिगरेशन आहे का, सर्किट डायग्राम खुला आहे का, आर्मबियन या अशा बोर्डांसाठीच्या लिनक्सने त्याला आधार दिलाय का, हे बघा. रॅम किती आणि कोर किती हे त्यानंतर. जाहिरातीत ‘लिनक्स चालतो’ एवढंच लिहिलं असेल तर कुठला कर्नल ते विचारा.

कार्ड, ॲडाप्टर, वायरी गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळून जातात. नवे बोर्ड मात्र बहुतेक ऑनलाइनच मागवावे लागतात.

लिनक्सच हवा का? बीएसडी चालतं का? आणि रिस्क-फाइव्हचं काय?

नेटबीएसडी, ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी या तिन्ही ओपन सोर्स सिस्टीम ६४ बिटी एआरएमवर चालतात. फ्रीबीएसडीने २०२१ च्या १३.० आवृत्तीपासून त्याला पहिल्या श्रेणीचा दर्जा दिला आहे. यांनाही तोच डिव्हाइस ट्री लागतो, त्यामुळे तुम्ही लिहिलेली फाइल वाया जात नाही.

रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर पद्धतीवर बूट होण्याची साखळी जवळजवळ तीच, फक्त ट्रस्टेड फर्मवेअरच्या जागी ओपनएसबीआय असतं. डेबियन या लिनक्सने ६४ बिटी एआरएमला २०१५ मध्ये अधिकृत आधार दिला आणि रिस्क-फाइव्हला ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर याच पद्धतीचे. पण सी-डॅकच्या छोट्या एरीज बोर्डावर लिनक्स चढवायला जाऊ नका, तो मायक्रोकंट्रोलरच्या वर्गातला आहे.

वायफाय दिसत नाही.

कर्नलचा लॉग बघा. फर्मवेअरची फाइल मिळाली नाही असं लिहिलेलं असतं. वायफायच्या चिपला स्वतःचं बंद फर्मवेअर लागतं, ते वेगळ्या पॅकेजमधून घालावं लागतं. त्यानंतर देशाचा कोड भारताचा करा. तोवर केबल लावा.

तारीख १९७० ची दाखवतो आणि अपडेट घेताना सर्टिफिकेटची चूक देतो.

बऱ्याच बोर्डांवर घड्याळाचा सेल नसतो. वीज गेली की वेळ गेली, आणि वेळ चुकीची असली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते. नेटवरून वेळ घेणारी सेवा चालू ठेवा. जिथे नेट नाही तिथे तीन-चारशे रुपयांच्या आतलं आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल आयटूसीवर लावा.

आमच्याकडे पावसाळ्यात सारखी लाइट जाते. दर वेळी कार्ड खराब होतं.

पंचगंगेला पाणी चढायला लागलं की इकडच्या गावांतून वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम आपल्या जर्नलमुळे (बदलांच्या नोंदवहीमुळे) बऱ्यापैकी सावरते, पण एसडी कार्डाच्या आतला कंट्रोलर लिहिता लिहिता बंद पडला तर फाइल सिस्टीम काही करू शकत नाही. म्हणून लिहिणंच कमी करा. रूट पार्टिशन फक्त वाचण्यासाठी ठेवून वर ओव्हरले (बदल रॅममध्ये ठेवणारा थर) लावा, लॉग रॅममध्ये ठेवा, जपायचा डेटा वेगळ्या पार्टिशनवर ठेवा. शक्य असेल तर ईएमएमसी किंवा एसएसडी वापरा. छोटा डीसी यूपीएस लावलात तर तो संपत आल्याची खूण बोर्डाला मिळेल आणि बोर्ड नीट बंद होईल अशी जोडणी करा, नाहीतर नुसतं संकट अर्धा तास पुढे ढकललं जातं. हार्डवेअर वॉचडॉगही चालू करा. बोर्ड अडकला तर तो स्वतः रीसेट होईल आणि रात्री कुणाला गाडी काढावी लागणार नाही.

फौंड्रीत भट्टीजवळ बसवायचा आहे.

आधी विजेचं बघा, सॉफ्टवेअर नंतर. बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, पॅनेलवर सगळं २४ व्होल्टचं. मधे ऑप्टो-आयसोलेटर हवाच. इंडक्शन फर्नेस आणि मोठे कॉन्टॅक्टर यांच्या शेजारी लांब, साध्या वायरीवर सिग्नल आणू नका. आयसोलेटेड आरएस-४८५ या जोडणीवर मॉडबस हा प्रोटोकॉल घ्या. तापमान कंट्रोलरला हा पोर्ट असेल तर तिथूनच वाचा, वेगळा सेन्सर कशाला. थर्मोकपल लावायचाच असेल तर वितळलेल्या लोखंडासाठी के टाइप टिकत नाही, प्लॅटिनमचे आर, एस किंवा बी टाइप लागतात. लोखंडाची धूळ वीज वाहून नेते, म्हणून पंखा असलेली उघडी पेटी नको. बंद ॲल्युमिनियमची, पेटीच हीटसिंक होईल अशी घ्या.

मराठी दिसेल का, टाइप होईल का?

होईल. लोकेल मराठी-भारत निवडा, लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट घाला, कीबोर्डला इनस्क्रिप्ट घ्या. फक्त ग्राफिक्स नसलेल्या काळ्या कन्सोलवर जोडाक्षरं नीट येत नाहीत, तिथे इंग्रजीच ठेवा.

माझ्या बोर्डावर इथरनेट चालत नव्हतं, डिव्हाइस ट्रीत दोन ओळी बदलून चालू केलं. आता?

त्या दोन ओळी मुख्य कर्नलला पाठवा. लहान आहेत म्हणून संकोच करू नका. अशा दोन-दोन ओळींनीच बोर्ड पूर्ण होतात. गिटमध्ये (सोर्सच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) एका नोंदीत एकच बदल ठेवा. काय बिघडलं होतं, का, आणि कसं तपासलं हे साध्या इंग्रजीत लिहा. खाली साइन्ड-ऑफ-बायची (हा बदल द्यायचा हक्क मला आहे असं सांगणारी) ओळ स्वतःच्या नावाने द्या. कर्नलच्या सोर्समधली गेट-मेन्टेनर ही स्क्रिप्ट चालवली की कुणाकुणाला पाठवायचं ती यादी मिळते. पाठवायचं गिट सेंड-ईमेलने, साध्या मजकुरात, अटॅचमेंट न लावता. त्याआधी चेकपॅच आणि डीटीबीएस-चेक या तपासण्या चालवून घ्या, म्हणजे बारीकसारीक गोष्टींवरून परत येणार नाही.

उत्तर रोखठोक येईल. ‘ही ओळ का?’ असं विचारतील. ते कोडबद्दल असतं, तुमच्याबद्दल नाही. बदल करून दुसरी आवृत्ती पाठवा, आणि पहिल्यापेक्षा काय बदललं ते लिहा. पहिल्यांदा पाठवताना सोबत कुणी हवं असेल तर सिरियलचा पूर्ण लॉग, बोर्डाचा डायग्राम आणि तुमचा बदल घेऊन या, बसून एकत्र पाठवू.